समुईवर मालीश शोधताना

थायलंडच्या आखातातील को समुई या बेटावर मालीश करून घेण्यासाठी शोधाशोध करावी लागते, असे म्हटले तर तिथे जाऊन आलेला कोणीही हसेल. बेटाला वळसा घालणारा ४१६९ क्रमांकाचा रस्ता जेमतेम ५१ किलोमीटर लांबीचा आहे आणि चावेंग, लमाई, बोफुत, मेनाम या वस्त्यांतून तो जातो तिथे दर काही पावलांवर मालीशचे एक तरी दुकान लागतेच. दारात पाय धुण्याचे पसरट भांडे, भिंतीला लागून आरामखुर्च्यांची रांग आणि बाहेर दरांची पाटी: थाई मालीश, तेलाचे मालीश, पायांचे मालीश, डोके-मान-खांदे. दरही बहुधा सारखेच, म्हणजे तासाला ३०० ते ४०० बाट, तेलाचे असेल तर थोडे अधिक. एका बाटला साधारण अडीच ते तीन रुपये धरावेत. सगळे असे एका छापाचे असूनही एका दुकानातून बाहेर पडताना मान मोकळी झालेली असते आणि दुसऱ्यातून बाहेर पडताना आधी नसलेली उसण भरलेली असते. शोधायचा असतो तो हा फरक, आणि तो कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसतो.

आमचे तिथे जाण्याचे कारण फारच रूक्ष होते: वहिनींचे गुडघे आणि माझी मान. वहिनी सांगलीकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणजे आयुष्याचा मोठा भाग फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या. मी मुद्रितशोधनाच्या कामात वर्षानुवर्षे मान खाली घालून बसलेली. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागल्यापासून आमच्या ओळखीतले कितीतरी लोक तिकडे जाऊन आले आहेत. तरीही 'मालीश करून घ्यायला थायलंडला चाललो आहे' हे वाक्य मराठी घरात सरळ चेहऱ्याने उच्चारता येत नाही. पुरुषाने म्हटले तर चारचौघे डोळे मिचकावतात. बाईने म्हटले तर ऐकणाऱ्याला कुठे बघावे ते कळेनासे होते. दादाही गालातल्या गालात हसला, तेव्हा वहिनींनी त्याला शाळेतल्या आवाजात विचारले, "बाळंतिणीला सव्वा महिना मालीशवाली येते तेव्हा कोणी हसत नाही, मग साठीतल्या बाईच्या गुडघ्यांवर हसायचे कारण काय?"

ते हसू अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. चावेंगच्या गजबजलेल्या भागात अशी दुकाने आहेत की ज्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवलेला असतो, जी दुपारभर पेंगत असतात आणि अंधार पडल्यावर जागी होतात, आणि ज्यांच्या दाराशी बसलेल्या मुलींच्या पोशाखाकडे पाहूनच आत मालीश हा दुय्यम विषय असावा हे समजते. पण ती ओळखायला डोळ्यांखेरीज दुसरे काही लागत नाही. रस्त्यावरून आत सरळ दिसते का, आतली माणसे जमिनीवरच्या गाद्यांवर पूर्ण कपड्यांत पडलेली आहेत का, मालीश करणाऱ्या बायकांत चाळिशी-पन्नाशीच्याही आहेत का, एवढे पाहिले की बहुतेक प्रश्न सुटतो. २०१६च्या आरोग्य आस्थापना कायद्याने स्पा आणि मालीशच्या दुकानांना परवाना आणि तिथे काम करणाऱ्यांना प्रशिक्षण व नोंदणी बंधनकारक केली. प्राथमिक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम १५० तासांचा असतो. त्यामुळे नीट चाललेल्या दुकानाच्या भिंतीवर परवाना आणि शेजारी काम करणाऱ्यांची प्रमाणपत्रे, छायाचित्रासकट, चौकटीत लावलेली दिसतात. थाई लिपी आपल्याला वाचता येत नाही, पण छायाचित्रातली बाई आणि समोरची बाई एकच आहे की नाही हे कळायला लिपी लागत नाही.

या चौकटींच्या शेजारी पुष्कळदा आणखी एक चित्र असते. मानवी देहाची बाह्याकृती, तिच्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत गेलेल्या रेषा आणि रेषांवर ठिपके. त्याचे मूळ बँकॉकच्या वाट फो या मंदिरात आहे. थायलंडचा राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, १८३१ नंतरच्या दशकभरात, या मंदिराच्या भिंतींवर त्या काळी उपलब्ध असलेले ज्ञान शिलालेखांच्या रूपात कोरून ठेवण्यात आले. हा लेखसंग्रह २०११ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला. त्यातल्या साठ फलकांवर देहाची पुढची आणि मागची बाजू दाखवून दाब देण्याच्या जागा खुणावलेल्या आहेत. राजाचा हेतू असा की वैद्यकाचे ज्ञान चार घराण्यांच्या पोथ्यांत अडकून पडू नये, ज्याला वाचता येते त्याने यावे आणि वाचावे. मंदिराच्या आवारात अंगाला पीळ देत बसलेल्या ऋषींच्या मूर्तीही आहेत. स्वतःचे अंग स्वतः कसे सोडवावे याची ती शिकवणी आहे. १९५५ पासून तिथे पारंपरिक वैद्यकाची शाळा चालते, आणि आज समुईवर ज्यांच्या हाताखाली आपण पडतो त्यांच्यातल्या अनेकींचा अभ्यास याच परंपरेतून आलेला असतो. 'नुआत थाई' या नावाने ही विद्या २०१९च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही समाविष्ट झाली.

थाई परंपरा या विद्येचे गुरुपद जीवक कोमारभच्च याला देते. बिंबिसार राजाचा आणि खुद्द बुद्धांचा वैद्य. पुष्कळशा शाळांत वर्गाची सुरुवात त्याचे नाव असलेल्या पाली वंदनेने होते. महावग्ग या पाली बौद्ध ग्रंथातल्या कथांत जीवक तक्षशिलेला शिकतो, नाकातून तूप देऊन जुनाट डोकेदुखी बरी करतो, राजाच्या भगंदरावर लेप लावतो, मस्तक उघडून शस्त्रक्रियाही करतो. मालीश करताना मात्र तो फारसा दिसत नाही. तरीही दहा मुख्य वाहिन्यांच्या थाई शास्त्रात इत्था, पिंगला आणि सुमना ही नावे ऐकली की आपल्या योगशास्त्राशी असलेले नाते लपत नाही. या वाहिन्यांतून वारा फिरतो, तो कुठे अडला की दुखणे सुरू होते, अशी त्यामागची कल्पना. वातावर सगळे खापर फोडण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ती नवी वाटण्याचे कारण नाही.

समुईवर ही विद्या तीन ठिकाणी भेटते. पहिले ठिकाण थेट किनाऱ्यावरचे. लमाई किंवा मेनामच्या वाळूत चार खांबांवर छप्पर टाकलेले उघडे मंडप असतात, त्यात गाद्या, वरून लटकलेली पातळ कापडे आणि समोर समुद्र. छायाचित्रांत हेच ठिकाण सर्वांत सुंदर येते आणि बेटावर उतरलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास तिथेच जाऊन पडतो. मला तिथले मालीश अगदीच साधारण वाटले असे नाही, पण तेलाचे मालीश तिथे घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. वाऱ्याबरोबर आलेली वाळू तेलकट तळहाताखाली सापडली की पाठीला पॉलिशपेपर लावल्याचा अनुभव येतो. बिनतेलाचे, कपड्यांवरून केलेले थाई मालीश घ्यावे, तेही ऊन कलल्यावर.

दुसरे ठिकाण रिसॉर्टमधले स्पा. तिसरे रस्त्यावरची दुकाने. या शेवटच्या प्रकाराबद्दलच मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण बेटावरचे उत्तम हात तिथे आहेत आणि बेटावरचे कंटाळलेले हातही तिथेच आहेत.

रस्त्यावरच्या दुकानाचे अंतर्गत गणित आधी समजून घ्यायला हवे. तिथल्या बायकांना बहुतेक ठिकाणी ठरलेला पगार नसतो. केलेल्या तासामागे वाटा मिळतो. गिऱ्हाईक आले की ज्या बाईचा नंबर असेल ती उठते. म्हणजे तुम्ही दुकान निवडता, हात निवडत नाही. ते त्या क्षणी रांगेत कोण पुढे आहे यावर ठरते. एकाच दुकानाबद्दल दोन माणसे अगदी उलट मते देतात, त्याचे रहस्य एवढेच आहे. रात्री नऊला जाणाऱ्याच्या वाट्याला सकाळपासून सहा माणसे रगडून अंगठे आंबलेली बाई येऊ शकते, आणि तिला दोष देण्यात अर्थ नसतो. आम्ही म्हणून सकाळी अकराच्या सुमारास, दुकाने नुकती उघडत असताना, जाऊ लागलो. आणि आधी अर्ध्या तासाचे पायांचे मालीश मागू लागलो. त्याचे दोनशे बाटच्या आसपास होतात. पोटरीवर अंगठा कसा टेकतो, तो घसरतो की थांबतो, हाड आले की आपसूक वळतो की तसाच पुढे जातो, हे पाच मिनिटांत समजते. हात पटला तर त्याच बाईकडून पुढचा तासभर मागायचा. नाही पटला तर पाय तरी हलके झाले, असे म्हणून उठायचे. ही युक्ती वहिनींची. शाळेत शिक्षक नेमताना त्या आधी एक तास घ्यायला लावत, त्या सवयीची ही थायलंडमधली आवृत्ती.

मेनामला, मुख्य रस्त्यापासून समुद्राकडे जाणाऱ्या एका गल्लीत, आम्हाला जी बाई सापडली ती पन्नाशीची, ठेंगणी, रुंद पंजांची होती. दुकानात टीव्हीवर थाई मालिका चालू होती, मागे कुणीतरी सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, कुटत होते, आणि कोणत्याही स्पाच्या माहितीपत्रकात शोभेल असे तिथे काहीही नव्हते. तिने आधी पाय धुतले. पाण्यात मक्रुत लिंबाच्या फोडी होत्या; आपल्या ईडलिंबाची आठवण करून देणारा, पण त्याहून उग्र वास. मग सैल विजार आणि सदरा दिला. विजारीला नाडी वगैरे नसते. तो घेरदार कपडा कंबरेला दुमडून बांधायचा असतो, आणि वहिनींना ते जमेना तेव्हा तिने लहान मुलाला बांधावी तशी ती बांधून दिली. गादीवर उताणे झोपल्यावर ती पायांपाशी गुडघ्यांवर बसली, हात जोडून डोळे मिटले आणि क्षणभर पुटपुटली. मग सुरुवात तळपायापासून.

चांगल्या थाई मालीशमध्ये पहिल्या दहा मिनिटांत घाई कधीच दिसत नाही, आणि दिसली तर उठून यावे हे बरे. ती दोन्ही तळव्यांनी आळीपाळीने भार टाकत घोट्यापासून मांडीपर्यंत वर गेली आणि तशीच खाली आली. जोर दंडातून येत नव्हता. कोपर सरळ ठेवून ती पुढे झुकत होती आणि सगळे वजन आपोआप तळहातात उतरत होते. तळव्यांनंतर त्याच मार्गाने अंगठे. मग तिने जांघेच्या शिरेवर तळहात टेकवला आणि स्थिर ठेवला. पाय हळूहळू जड, बधिर होत गेला; काही सेकंदांनी तिने हात उचलला आणि मांडीपासून बोटांपर्यंत एक ऊबदार लोट सरसरत गेला. याला तिकडे वाऱ्याचे दार उघडणे म्हणतात. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा शिरांचा विकार आहे त्यांनी हे अजिबात करून घेऊ नये, आणि त्या बाईनेही वहिनींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत हे खुणांनी समजल्यावर त्यांच्या बाबतीत तो भाग वगळला. आम्ही त्या दुकानात पुन्हा गेलो ते मुख्यतः या वगळण्यामुळे.

माझ्या मानेकडे ती सर्वांत शेवटी आली. आधी मला कुशीवर वळवून तिने खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेने कोपर टेकवले. तिथे जी गाठ होती ती मला माहीत होती, पण तिची लांबी किती हे तोवर माहीत नव्हते. दुखले, चांगलेच दुखले, आणि मी नकळत श्वास धरला. ती थांबली. कोपर उचलले नाही, दाबही वाढवला नाही. मी श्वास सोडेपर्यंत ती तशीच राहिली आणि श्वास बाहेर पडला तसे कोपर थोडे खोल गेले. असे पाच-सात वेळा झाले असेल. पुढे मी इतर दुकानांतही पाहिले: ज्या हातांना गिऱ्हाइकाचा श्वास ऐकू येतो आणि ज्यांना येत नाही, असे दोनच प्रकार असतात, आणि प्रशस्तिपत्रक कितीही मोठे असले तरी दुसऱ्या प्रकारचे हात पहिल्या प्रकारचे होत नाहीत.

आपली माणसे इथे एका गोष्टीत कमी पडतात असे मला वाटते. दुखले तरी बोलायचे नाही, पैसे दिले आहेत तर सोसायचे, आणि नंतर हॉटेलवर जाऊन तक्रार करायची, हा आपला खाक्या. मालीश म्हणजे रगडणे, आणि रगडणे म्हणजे दुखणारच, अशी तालमीच्या आखाड्यातून आलेली एक समजूतही मनात असते. तिकडे 'बाव बाव' म्हटले की हात हलका होतो. हे दोन शब्द शिकायला अवघड नाहीत. दुखरी जागा बोटाने दाखवावी, शस्त्रक्रिया झाली असेल तर व्रण दाखवावा, आणि मानेला झटका देऊन कडकड आवाज काढण्याची तयारी दिसली तर हात वर करून स्पष्ट नकार द्यावा. तो आवाज ऐकून समाधान पावणारे लोक मी पाहिले आहेत. पण मानेच्या कण्याशी खेळ करायला मी स्वतः कुणालाही परवानगी देणार नाही. ताप असताना, पोटरीत गाठ येऊन सूज असताना, रक्त पातळ करण्याची औषधे चालू असताना किंवा हाडे ठिसूळ झालेली असताना या दुकानांत जाण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

वहिनींच्या गुडघ्यांना तिने अंगठा लावलाच नाही. मांडीचा खालचा भाग आणि पोटरीचा वरचा भाग एवढेच मोकळे केले आणि मग ती आत जाऊन लूक प्राकोप घेऊन आली. जाड सुती कापडात बांधलेली, नारळाएवढी नव्हे पण मोसंबीहून मोठी पुरचुंडी, वर कापड पिळून केलेली मूठ. अशा दोन पुरचुंड्या भात शिजवण्याच्या विजेच्या कुकरमध्ये वाफेवर ठेवलेल्या होत्या. आत काय असते ते मी नंतर बेटावरच्या नाथोन गावाच्या बाजारात विचारून घेतले: प्लाय नावाचा, आल्याच्या कुळातला पिवळा कंद, हळद, गवती चहा, मक्रुत लिंबाची साल आणि पाने, चिंचेचा पाला, मीठ आणि कापूर. तिने पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. मग वहिनींच्या गुडघ्याभोवती ती नुसती टेकवून उचलू लागली, इतक्या भराभर की चटका बसायला वेळच मिळू नये. कापड जसे निवत गेले तसा प्रत्येक स्पर्श लांबला, आणि शेवटी ती पुरचुंडी दाबून, किंचित फिरवून ठेवू लागली. पहिली निवली की दुसरी. खोलीभर कापूर आणि गवती चहाचा वास भरला. वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या, "अगं, हा तर शेक! आईने मला बाळंतपणात असाच दिला होता." त्यांच्या सदऱ्यावर हळदीचे पिवळे डाग पडले होते, दुकानाचे कपडे गडद रंगाचे का असतात ते तेव्हा समजले.

वहिनींचे म्हणणे वरवरचे नव्हते. थायलंडमध्ये बाळंतिणीला निखाऱ्यांजवळ निजवण्याची यू फाय नावाची जुनी प्रथा आहे. तिच्याबरोबर वनौषधींची वाफ, या पुरचुंड्यांचा शेक आणि तापवलेल्या मिठाचे मडके कापडात गुंडाळून पोटावर दाबणे, हे सगळे येते. आपल्याकडे बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, पोटाला पट्टा. आयुर्वेदातल्या पत्रपोटलीची तर ही सख्खी बहीणच म्हणायला हवी. फरक इतकाच पडला की तिकडे हे सारे बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येऊन पाटीवर दरासकट लिहिले गेले आणि आपल्याकडे ते आजीबरोबर मागे पडत चालले आहे. उत्साहाच्या भरात कोणी असे समजू नये की शेकाने झिजलेला गुडघा भरून येतो. वहिनींना जिना उतरताना दोन दिवस बरे वाटले, आणि त्यांनी एवढीच अपेक्षा ठेवली होती.

रिसॉर्टमधल्या स्पाबद्दल तुच्छतेने बोलण्याची एक पद्धत प्रवासी लोकांत आहे, ती मला मान्य नाही. तिथे तासाला अडीच-तीन हजार बाटपासून पुढे आकार असतो आणि दराशेजारी अधिकाची दोन बारीक चिन्हे असतात. त्यातले एक दहा टक्के सेवाशुल्काचे आणि दुसरे त्यावर लागणाऱ्या सात टक्के कराचे, म्हणजे ३००० बाटचा उपचार प्रत्यक्षात ३५३१ बाटला पडतो. या पैशांत हात अधिक कुशल मिळतात असे मुळीच नाही; पुष्कळदा ते रस्त्यावरच्या दुकानातूनच बढती मिळवून आलेले असतात, आणि परदेशी गिऱ्हाइकाला दुखू नये या धास्तीने जरा जास्तच हळुवार झालेले असतात. पण तिथे आरोग्याची माहिती विचारणारा कागद आधी भरून घेतात, वेळ पाळतात, घाम येईपर्यंत वाफ घेण्याची सोय असते आणि नंतर अर्धा तास कुणी उठवत नाही. समुईच्या डोंगरउतारावर मोठमोठ्या शिळा आहेत. काही स्पांनी या शिळांच्या मधल्या जागेतच वाफेच्या खोल्या केल्या आहेत. दक्षिणेला २००५ साली सुरू झालेले कमलया हे आरोग्यकेंद्र तर भिक्षूंच्या जुन्या ध्यानगुहेभोवती उभे आहे. तिथला मुक्काम आमच्या खिशाच्या पलीकडचा होता. आम्ही एका लहानशा रिसॉर्टमध्ये दुपारची वाफ आणि नारळाच्या किसाचे उटणे घेतले. समुई हे मुळात नारळाचे बेट, त्यामुळे उटणे ताज्या नारळाचे होते, आणि नंतर हातात दिलेला पेला बेलफळाच्या सरबताचा. बेलाचे पान महादेवाला आणि फळ पोटाला, एवढेच माहीत असलेल्या वहिनींनी तो पेला दोनदा भरून घेतला. ज्यांना अनोळखी माणसाचा स्पर्शच अवघड वाटतो, किंवा ज्यांच्या दुखण्याची नीट चौकशी व्हायला हवी, त्यांनी सुरुवात अशा ठिकाणी करावी असे मी म्हणेन.

उन्हाने भाजलेल्यांसाठी कोरफडीचा लेप बहुतेक सगळीकडे मिळतो, आणि लाल झालेल्या पाठीवर मालीश करून घेण्याचा वेडेपणा करण्यापेक्षा तो घ्यावा. याउपर त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

मेनामची ती बाई मूळची समुईची नव्हती. बेटावर मालीशचे काम करणाऱ्या बायकांत ईशान्य थायलंडमधून, म्हणजे इसानमधून, आलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. तिथली शेती पावसाच्या भरवशावरची, म्हणून मुले आजी-आजोबांकडे ठेवून आया बँकॉकला किंवा बेटांवर येतात आणि दर महिन्याला पैसे पाठवतात. हे गणित मराठवाड्यातून किंवा माणदेशातून मुंबईला आलेल्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २०२०च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले तेव्हा तासावर वाटा घेणाऱ्या या बायकांचे तासच संपले. लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी समुई पुन्हा उघडले ते २०२१च्या जुलैमध्ये. ती त्या काळात गावी जाऊन भात लावत होती, असे तिने मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितले. "शेतीपेक्षा हे काम बरे का?" असे वहिनींनी माझ्याकरवी विचारले, तर तिने आपले दोन्ही अंगठे वर करून दाखवले. सांधे फुगलेले होते आणि उजवा अंगठा पूर्ण सरळ होत नव्हता. मग ती हसली आणि कोपराकडे बोट दाखवून म्हणाली, की आता हे वापरते.

जायचे कधी, हा प्रश्न मला आल्यावर अनेकांनी विचारला. पश्चिम किनाऱ्यावर, फुकेत बेटाच्या बाजूला, मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. समुई आखाताच्या बाजूला असल्याने इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि नोव्हेंबर सर्वांत ओला. समुद्रासाठी जाणाऱ्याने तो महिना टाळावा. मालीशसाठीच जाणाऱ्याने मात्र टाळण्याचे कारण नाही, कारण दुकाने रिकामी असतात, हात ताजे असतात आणि हवी ती बाई हव्या त्या वेळेला मिळते. पाटीवरच्या दरात त्या दिवसांत घासाघीस केली तर पन्नास बाट कमीही होतात. ती घासाघीस करू नये, असे माझे मत आहे. सुटलेले पन्नास बाट दुकानाच्या खिशातून जातात की बाईच्या वाट्यातून, हे आपल्याला कळत नाही, आणि दिवसाला दोनच गिऱ्हाइके येतात त्या हंगामात तर ते विचारूही नये. बक्षिसीदेखील गल्ल्याजवळच्या डब्यात न टाकता तिच्या हातात द्यावी. पन्नास ते शंभर बाट रीतीला धरून होतात. वहिनी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपये सोडत नाहीत. मेनामला मात्र त्यांनी दराबद्दल चकार शब्द काढला नाही, वर शंभरची नोट दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली आणि लगेच घड्याळातल्या अकरावर बोट ठेवून उद्याचा नंबर आपल्या नावावर करून घेतला.